लेन्सच्या जरा वर

माझ्या मामाला आमच्या भागात सगळे 'हनुवटी' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण पाठ वळली की हनुवटीच. कारण फोटो काढताना तो "हसा" म्हणत नाही. "हनुवटी जरा खाली," म्हणतो. मग "इतकी नाही." मग स्वतःच पुढे येतो, एका बोटाने समोरच्याची हनुवटी केसभर वर उचलतो आणि श्वास धरून मागे जातो. त्या बोटावरून आमच्या भागातल्या दोन पिढ्यांची तोंडं गेली आहेत. ओळखपत्रावरची, लग्नातली, नोकरीच्या अर्जावरची, आणि माणूस गेल्यावर घाईघाईने मोठी करून घेतात तीसुद्धा.

त्याचा दुसरा नियम डोळ्यांचा. "नाक हललं तरी चालेल, डोळे धारदार हवेत." आणि डोळे कुठे ठेवायचे, तर लेन्समध्ये. "माझ्याकडे बघू नका. मी इथे नाहीच असं समजा." लहान मुलंसुद्धा त्याचं ऐकायची. रडकी मुलं, तोऱ्यातले वकील, दातांची लाज वाटणाऱ्या बायका, सगळे मुकाट लेन्समध्ये बघायचे.

एक मामी सोडून.

मामीचा एकही फोटो मामाला धड काढता आला नाही. म्हणजे प्रकाश चोख, चेहरा चोख, पण नजर लेन्सच्या जरा वर. प्रत्येक फोटोत. जणू तिला लेन्सपेक्षा वरच्या बाजूला काहीतरी जास्त महत्त्वाचं दिसतंय. लग्नानंतरच्या वर्षात मामाने हट्टाने पुष्कळ काढले, मग कंटाळला. ते सगळे एका पत्र्याच्या डब्यात पडले आहेत. डब्यावर मामाच्या अक्षरात 'फसलेले' असं लिहिलंय. दुकानाच्या काचेत अख्ख्या गावाचे चेहरे लागले, पण त्यात दुकानदाराची बायको नाही.

"हिला फोटो काढून घेता येत नाही," मामा पाहुण्यांना सांगायचा.

"मला काढून घेता येतो," मामी आतून म्हणायची, "ह्यांना काढता येत नाही."

मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा दुकान जवळजवळ झोपलं होतं. दुकान खाली, घर वर, मध्ये एक अरुंद जिना. ज्याच्या त्याच्या खिशात फोन. फोटो काढायला दुकानात कोण येणार? ओळखपत्राची गिऱ्हाइकं तेवढी येत. मामाचा मोठा डीएसएलआर कॅमेरा बॅगेत असायचा. तो रोज सकाळी त्याला बाहेर काढून पुसायचा, लेन्सवर फुंकर घालायचा आणि परत निजवायचा. त्याच वेळी वर मामीचं काम मात्र वाढत चाललं होतं.

मामी रफू करते. कोटाला कसर लागली, शालीला ठिणगीचं भोक पडलं, स्वेटरची वीण सुटली की लोक तिच्याकडे येतात. भोक बुजवायला ती नवा धागा वापरत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, एकेक धागा सोडवून घेते. आधी उभे धागे ताणून बसवायचे, मग आडवे, एक वर एक खाली. झालं की कपडा उजेडात धरून म्हणते, "शोधा." बहुतेकांना सापडत नाही. लोक कपडा न्यायला यायचे आणि बसून बघत राहायचे, शिकवाल का विचारायचे. मी म्हटलं, मामी, तू लाइव्ह का करत नाहीस? ती म्हणाली, "कर की. मला काय, मी तशीही एकटीच बडबडत असते."

पहिला लाइव्ह माझ्या फोनवरून झाला. सुई दिसायची, धागे म्हणजे नुसता लगदा. कुणीतरी लिहिलं, "काही दिसत नाही." मामा कोपऱ्यात पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला, पडद्यावर एक नजर टाकली आणि मळमळल्यासारखं तोंड केलं.

"फोन म्हणजे कॅमेरा नव्हे," एवढंच बोलून तो जिना उतरला आणि बॅग घेऊन वर आला.

असा तो कॅमेरा कामाला लागला. त्यातून एक केबल निघून काडेपेटीएवढ्या काळ्या डबीत जायची, डबीतून लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपमधून जगात. पहिल्या दिवशी कॅमेऱ्याच्या पाठीवर जे जे दिसतं ते सगळं जगालाही दिसलं: बॅटरीची खूण, आकडे, आणि चेहऱ्याला चिकटून फिरणारी पांढरी चौकट. "बाईंच्या तोंडाला खिडकी का बसवलीय?" एकाने विचारलं. मामाने सगळी बटणं उलथीपालथी करून ते पुसलं. मग कॅमेरा बोलता बोलता डोळे मिटायला लागला, कारण बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही की त्याला झोपायची सवय. तीही मोडली. बॅटरी संपायची म्हणून बॅटरीच्या आकाराचा एक खोटा ठोकळा आला, त्याची वायर थेट भिंतीत. तरी आवाज पुढे आणि ओठ मागे असं काही दिवस चाललं.

"आपल्या घरात पहिल्यापासून असंच आहे," मामा म्हणाला. "बोलणं आधी, तोंड नंतर उघडणार."

मी हसले. मामीने सुईतून नजर काढली नाही. "निदान तोंड उघडतं तरी," ती म्हणाली. "काहींचं तर बोट तेवढं चालतं."

आणि बोट चाललंच. एकदा लाइव्ह चालू असताना मामीने चेहरा जरासा वळवला, खिडकीचा उजेड गालावर आला आणि मामाने सवयीने फोटोचं बटण दाबलं. खट्. क्षणभर सगळ्या जगाचा पडदा काळा झाला. "गेलं!" "दिसेना!" कमेंटींचा पाऊस. हा कॅमेरा फोटो काढतो तेव्हा डबीकडे काहीच पाठवत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. मी मामाला चांगलंच झापलं. त्याने कानाला हात लावला. फोटो साठवायचं कार्ड मात्र कॅमेऱ्यातून काढलं नाही. "बिनकार्डाचा कॅमेरा मला बघवत नाही," म्हणाला.

आता त्याचं काम एकच. कॅमेऱ्यामागे उभं राहायचं आणि तो तापतोय का ते बघायचं. असा कॅमेरा तासन् तास उघडा ठेवला की आतून गरम होतो. फार झालं तर आपणहून बंद पडतो. मामाने त्याच्या बाजूला चिमुकला पंखा लावला होता, तरी दर थोड्या वेळाने त्याच्या पाठीवर तळवा ठेवायचा. आजारी लेकराला बघावं तसा.

"माझ्या कपाळावर कधी एवढा हात ठेवला नाही," मामी भर लाइव्हमध्ये म्हणाली. सगळं जग हसलं. मामाने हात काढून घेतला आणि मिनिटाने परत ठेवला.

तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते मामीला लेन्स सापडली तेव्हा.

सुरुवातीचे दिवस तिची नजर नेहमीसारखीच जरा वर जायची आणि मामा मागून दबक्या आवाजात "लेन्स, लेन्स" करायचा. मग एका दुपारी एका मुलीने लिहिलं की ती वडिलांचा जुना स्वेटर घेऊन बसलीय, एकटीच राहते, हात थरथरतोय. "माझ्याकडे बघून सांगा ना." मामीने ते वाचलं. सुई खाली ठेवली. आणि नजर केसभर खाली आणून थेट लेन्समध्ये बघितलं. "घाबरू नको गं," ती म्हणाली. "भोक आहे तेवढंच आहे, ते वाढत नाही. आधी कडा बघ."

मी लॅपटॉपवर होते. पडद्यातून मामी माझ्याकडे बघत होती, त्या मुलीकडे बघत होती, कुणाकुणाकडे बघत होती. मी मान वळवून मामाकडे पाहिलं. तो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लहान पडद्याकडे टक लावून उभा होता. जो फोटो त्याला आयुष्यभर मिळाला नाही तो समोर चालताबोलता होता, आणि तो त्याच्यासाठी नव्हता.

जेवताना तो म्हणाला, "आज बरी सापडली लेन्स."

"आत माणसं आहेत ना," मामी म्हणाली.

"इतकी वर्षं नव्हती?"

"इतकी वर्षं आत कुणी नव्हतं," मामीने सरळ उत्तर दिलं आणि त्याच्या ताटात वाढलं. मामाने ताट दूर सरकवलं.

त्यानंतर मामा कमेंटी वाचायला लागला. आधी त्याला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. आता चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकायचा. त्यातच त्याला निळा स्वेटर सापडला.

हा एक बघणारा होता. नावाच्या जागी काही अक्षरं, फोटोच्या जागी निळ्या स्वेटरची बाही. माणूस, बाई, म्हातारा, तरुण, काही कळत नसे. पण रोज यायचा, आधी यायचा, आणि काम सोडून भलतंच बघायचा. "आज खिडकी उघडी दिसते, बरं वाटतंय का आता?" "काल तुम्ही हसला नाहीत." एकदा लिहिलं, "आवाज बसलाय तुमचा. कोमट पाणी घ्या." मामीने वाचून खाकरून बघितलं. "अगं बाई, खरंच की," ती म्हणाली आणि मला पाणी आणायला सांगितलं.

मामा जिन्यात मला गाठून म्हणाला, "तिचा आवाज बसला होता?"

"थोडा."

"मला कसं कळलं नाही?"

"तू कॅमेऱ्याचं तापमान बघत होतास."

"मोठी आली. हा कोण लागून गेला कोमट पाणी पाजणारा? धागे बघायला येतो का घसा बघायला?"

"मामा, म्हातारा असेल कुणी."

"मग तर जास्तच वाईट. म्हाताऱ्यांना वेळ असतो."

"किंवा बाई असेल."

"बाई असती तर स्वेटरचा रंग सांगितला असता, नुसती बाही नसती लावली," मामा म्हणाला. यात काय तर्क होता देव जाणे, पण त्याने तो इतक्या गंभीरपणे मांडला की मला हसताही येईना. तो मुळापासून जळत होता. दुकानात बसून फोनवर जुने लाइव्ह काढून निळा स्वेटर कधी कधी आला, काय काय बोलला, हे शोधायचा. ओळखपत्राला आलेल्या गिऱ्हाइकाला एकदा त्याने विचारलं म्हणे, "तुमच्याकडे निळा स्वेटर आहे का?" गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, फोटोला निळा चालत नाही का?

मग एक दिवस मी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर मामी नव्हती. तिचे हात होते.

मामाने कॅमेरा तिच्या समोरून काढून वरून खाली रोखला होता, जवळचं बघणारी लेन्स लावली होती. चौकटीत कापड, सुई आणि मनगटापर्यंत दोन हात. "शिकायला येतात ना?" तो छताकडे बघत म्हणाला. "मग हात बघा म्हणावं. चेहऱ्यात काय शिकायचंय?"

मामीने बांगड्या मनगटावर मागे सारल्या. मग "बरं," म्हणाली.

गंमत अशी झाली की लोक खूश झाले. धागा अन् धागा दिसत होता. "हेच हवं होतं!" "शेवटी कॅमेरामनला अक्कल आली!" बघणारे दुपटीने वाढले. मामाला चेहरा झाकायचा होता आणि सगळे त्याचेच आभार मानत होते. निळा स्वेटर मात्र हलला नाही. त्याने लिहिलं, "चेहरा दिसत नाही, पण हातांवरूनही कळतं आज तुमचं चित्त थाऱ्यावर नाही."

"हातांवरून कळतं म्हणे," मामा दातांत बोलला. "ज्योतिषी लागून गेला."

पण त्या दिवशी मामीची सुई खरोखरच दोनदा चुकली होती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मामी एका करड्या कोटाच्या कोपरावर काम करत होती. हात पडदा भरून उरले होते. नखांची पांढरी टोकं, सुईने खरखरीत झालेलं बोट, सगळं ढळढळीत. निळ्या स्वेटरने विचारलं, "डाव्या अंगठ्याखाली तो डाग कसला? भाजल्याचा वाटतो."

मी पडद्यात पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला, चिंचोक्याएवढा गुळगुळीत, जरा पांढुरका डाग होता. मी त्या घरात राहत होते, त्या हातचं जेवत होते, मी तो पाहिला नव्हता. मामाने बहुधा पाहिला होता, कारण तो लगेच माझ्या कानाशी पुटपुटला, "इस्त्रीचा आहे. जुना."

मामीने धागा ओढून घेतला. चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज आला.

"दिवा धरला होता एकदा," ती म्हणाली. "मोठा, फोटोचा दिवा. नवीनच लग्न झालं होतं माझं. त्या दिवशी स्टँड मोडलं होतं, खाली एक मोठं कुटुंब फोटोला बसलं होतं. म्हटलं, मी धरते. कापड गुंडाळून धरला, पण ते सरकलं. समोर सगळी माणसं श्वास रोखून बसलेली. 'कुणी हलू नका' असं सांगितलं होतं ना. मग मीही नाही हलले." तिने धाग्याची गाठ न मारता शेवट आत सरकवला. "फोटो छान आला. हं, आता आडवा धागा बघा. एक वर, एक खाली."

कमेंटी एकदम थांबल्या. मग एकेक करून बदाम यायला लागले. निळ्या स्वेटरने फक्त लिहिलं, "सांगितलंत, बरं केलंत."

मामाने लाइव्ह संपेपर्यंत कॅमेऱ्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

संध्याकाळी तो उंबऱ्यातच म्हणाला, "मला इस्त्री म्हणाली होतीस."

"हो."

"मला इस्त्री आणि त्या बाहीला दिवा?"

मामी कपड्यांच्या घड्या घालत होती. "तुम्ही विचारलंत तेव्हा त्याच फोटोची निगेटिव्ह उजेडात धरून बघत होतात. मान न वळवता विचारलंत, 'हाताला काय झालं?' इस्त्री म्हटलं की एका शब्दात भागतं. दिवा म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि तुम्हाला त्या फोटोकडे धड बघवलं नसतं. चांगला आला होता हो तो फोटो."

"आणि त्याला सांगितलंस."

"त्याने डाग बघून विचारलं."

माणूस हरला की काहीतरी उचलतो. मामाने सकाळी कॅमेरा उचलला. केबल काढली, डबी काढली, खोटी बॅटरी काढली. "तापतो फार. विश्रांती हवी त्याला," असं माझ्याकडे बघून मामीला म्हणाला आणि बॅग घेऊन जिना उतरला.

"घेऊ दे," मामी मला म्हणाली. तिने दोऱ्याच्या रिळांचे खोके एकावर एक रचले आणि माझा फोन त्यांना टेकवला. लाइव्ह झाला. धागे परत लगदा झाले. तरी माणसं आली. "आज असंच," मामीने त्यांना सांगितलं, "कॅमेरा रुसलाय." निळ्या स्वेटरने विचारलं, "कॅमेरा की कॅमेरामन?" मामी हसली नाही. ती लेन्समध्ये बघत होती आणि तिथे ती वाट चुकल्यासारखी दिसत होती. दोनदा तिची नजर फोनच्या वर गेली. तिथे मागची भिंत होती.

दुपारी मी खाली गेले. दुकान उघडं होतं, पाटी उलटी होती. आतल्या खोलीतून झगझगीत पिवळा उजेड येत होता. तसला उजेड त्या दुकानात मी कधी पाहिला नव्हता. मामा कधीचाच नव्या, थंड दिव्यांवर गेला होता. मी पडदा सारला.

मामाने माळ्यावरून जुना दिवा काढला होता. पत्र्याचा, मोठ्या पातेल्याएवढा, कडेला गंज. तो त्याने पेटवला होता आणि स्टँड शेजारी उभं असूनही हातात धरला होता. पत्र्याभोवती पुसायचं फडकं गुंडाळलं होतं. समोर गिऱ्हाइकांची रिकामी बाकं. खोलीत तापलेल्या धुळीचा वास भरला होता.

"मामा!"

"थांब," तो म्हणाला. "हलू नको."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग त्याने घाईने दिवा स्टँडवर ठेवला आणि तळवे मांडीवर घासले. हात भाजला नव्हता, नुसता लाल झाला होता.

"धरवत नाही गं," तो म्हणाला. "फडकं असूनही धरवत नाही."

मी दिव्याचं बटण बंद केलं. खोली एकदम साधी झाली.

"मी त्या कुटुंबातल्या प्रत्येकाची हनुवटी नीट केली होती," तो रिकाम्या बाकांकडे बघत म्हणाला. "कुणाची कॉलर कशी होती तेही सांगेन. दिवा कुणी धरला होता ते आठवायला मला आत्ता अख्खी रात्र लागली." मग नेहमीच्या तिरकस आवाजात, "आणि तो हरामखोर बाहीवाला! त्याला काल चेहरासुद्धा दिसला नव्हता."

"म्हणून तर हात दिसले," मी म्हटलं. "तूच दाखवलेस."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दिव्याची वायर गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तो लाइव्हच्या बराच आधी वर आला. काही न बोलता ट्रायपॉड उघडला, केबल जोडली, पंखा लावला. कॅमेरा आता वरून खाली नव्हता. तो मागे, उजवीकडे जरा तिरका उभा होता, आणि चौकटीत मामीचा चेहराही बसत होता आणि हातही. मामीने लॅपटॉपमध्ये डोकावून बघितलं.

"धागे बारीक दिसतील," ती म्हणाली.

"थोडे दिसतील. दोन्ही हवं तर थोडं सोडावं लागतं."

"शिकलात म्हणायचं."

लाइव्ह सुरू झाला. माणसं येऊ लागली. "कॅमेरा आला!" "चेहरा आला!" निळा स्वेटर आला. मामी एका मऊ तपकिरी शालीवर वाकली होती, आतल्या कडेचा धागा सोडवत होती, मध्येच वर बघून लेन्समध्ये बोलत होती. मामा कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याने एक हात खिशात घातला आणि फोन बाहेर काढला. मला वाटलं परत त्या बाहीच्या मागे लागला. तो अंगठ्याने एकेक अक्षर शोधत काहीतरी टाइप करत होता, ओठ हलवत, लहान मुलासारखा.

लॅपटॉपवर एक नवी कमेंट आली. नावाच्या जागी दुकानाचं नाव. त्या खात्यावरून आजवर कधी कुणी बोललं नव्हतं.

मामी कमेंटी वाचत वाचत तिथे आली आणि सवयीने मोठ्याने वाचू लागली. "दिवा खाली ठेव असं... कुणी म्हटलं नाही का?"

तिचा हात थांबला. धागा अर्धा आत, अर्धा बाहेर.

"नाही," ती हळूच म्हणाली. "त्यांना दिसलंच नाही. त्यांचं लक्ष समोर होतं." आणि जरा वेळाने, "माझं त्यांच्याकडे होतं. म्हणून मलाही उशिरा कळलं."

आणि तिने वर पाहिलं. लेन्समध्ये नाही. केसभर वर. डब्यातल्या सगळ्या फसलेल्या फोटोंत पाहिलं होतं तिथेच, त्याच जागी.

इतकी वर्षं तिथे काय होतं ते मला तेव्हा दिसलं, कारण मी दोघांच्या मध्ये, बाजूला बसले होते. तिथे मामाचा चेहरा होता.

पडद्यावर लगेच ओळी धावल्या. "काय झालं?" "बाई कुठे बघताय?" निळ्या स्वेटरने लिहिलं, "आज तुम्ही आमच्याकडे बघत नाही आहात."

"इथे एक माणूस उभा आहे," मामी म्हणाली. नजर तशीच ठेवून.

मामाचं बोट मी पाहिलं. ते कॅमेऱ्याच्या खांद्यावरून सरकत पुढे आलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. त्याने "हनुवटी खाली" म्हटलं नाही, "लेन्स" म्हटलं नाही. खट्.

सगळ्या जगाचा पडदा काळा झाला.

पापणी लवेल इतकाच वेळ, पण तेवढा वेळ कुणालाच काही दिसलं नाही. शिकणाऱ्या मुलीला नाही, बदाम पाठवणाऱ्यांना नाही, निळ्या स्वेटरला तर नाहीच. ती नजर होती तोवर ती त्याच्या एकट्याची होती, आणि मामाच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला आनंद म्हणावं तर त्यात थोडी लबाडी होती. पोराने सगळ्यांदेखत खाऊचा डबा स्वतःकडे ओढावा तसं.

चित्र परत आलं. "गेलं होतं." "परत आलं." "कॅमेरा बिघडला का?" शेवटचा प्रश्न निळ्या बाहीचा.

"नाही बिघडला," मामीने त्याला सांगितलं आणि सुई उचलली. "ह्यांनी फोटो काढला."

तो फोटो मामाने स्वतः छापला, मोठा. डोळे धारदार, नजर लेन्सच्या जरा वर. मी म्हटलं, काचेत लाव, दर्शनी. इतके लोक तिला बघायला येतात, त्यांनाही दिसू दे. मामा खिळे तोंडात धरून आतल्या खोलीत खुर्चीवर चढला होता. जिथे तो बसतो त्याच्या समोरची भिंत.

"बाहेर नको," तो खिळ्यांच्या आडून म्हणाला. "येणारा जाणारा बघत बसतो."

मग खाली उतरून, चौकट सरळ आहे का बघत, त्याने मला विचारलं, "आज आला होता का तो?"

"कोण?"

"माहीत आहे तुला कोण."